टोकलं की उसळायची सवय : मोडायला घेतलेल्या कामाच्या नोंदी

५ जानेवारी, रविवार

काम काय ते आधी नीट लिहून ठेवते. "राग कमी करायचा" असलं मोघम काही नको, ते मी दर नवीन वर्षाला ठरवत आलेय आणि फेब्रुवारीपर्यंत विसरत आलेय. यावेळी एकच सवय धरलीय. कुणी माझी चूक दाखवली की त्याचं वाक्य संपायच्या आत माझं उत्तर तयार असतं आणि ते बहुतेक वेळा "तू तरी काय" याच जातीचं असतं. मग एकतर भांडण नाहीतर समोरचा गप्प, आणि रात्री आडवी झाले की तोच प्रसंग डोक्यात पुन्हा सुरू, दर वेळी मी आणखी झणझणीत उत्तर देते. एवढंच. बाकीचे राग सध्या आहेत तिथे असू देत.

पहिला आठवडा काहीच बदलायचं नाही, नुसतं मोजायचं. सामान : बोटात अंगठीसारखा घालायचा डिजिटल काउंटर (बटण दाबलं की आकडा पुढे), एक वही, फोनमधला टायमर. शिवाय एका मेडिटेशन ॲपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलंय, त्याबद्दल पुढे लिहिणारच आहे आणि चांगलं लिहिणार नाहीये.

१२ जानेवारी

सात दिवसांत ३१.

मला वाटलं होतं आठ-दहा होतील. घरात १९, ऑफिसात ८, फोनवर ४. त्यातले २२ संध्याकाळी सहानंतरचे.

पहिल्या दोन दिवसांचे आकडे खरं तर कच्चे आहेत. काउंटर बॅगेतच राहिला आणि मी रात्री आठवून आठवून लिहिलं. आठवून लिहिलेल्यात मी नेहमी कमी उसळलेली असते, हे लक्षात ठेवा. तिसऱ्या दिवसापासून घटना झाली की तिथल्या तिथे बटण. पण काउंटरला बीप आहे! मीटिंगमध्ये मी एकाला तोडून बोलले आणि बोटातून "पीप". त्या दिवशी घरी आल्यावर आधी बीप बंद करायचं सेटिंग शोधलं.

१७ जानेवारी

ध्यानाला बसायला सुरुवात मंगळवारी केली. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये सुरू केलेला ८ आठवड्यांचा कोर्स हा या सगळ्याचा मूळ साचा, त्यात घरी रोज साधारण ४५ मिनिटं सराव असतो असं वाचलं आणि मीही ४५ चाच टायमर लावला. आयुष्यात कधी पाच मिनिटं गप्प न बसलेल्या बाईने.

पहिला दिवस ४५. दुसरा दिवस ४५, त्यातली वीस मिनिटं झोप. तिसऱ्या दिवशी १२ मिनिटांत उठले आणि कपाट आवरायला घेतलं. आज दांडी.

२०१४ चा एक प्रयोग आहे, टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. लोकांना खोलीत १५ मिनिटं एकटं, काही न करता बसवलं, समोर फक्त स्वतःलाच विजेचा हलका झटका द्यायचं बटण. हा झटका टाळायला आम्ही पैसे देऊ असं आधी म्हणालेल्यांपैकीच १८ पुरुषांतल्या १२ जणांनी आणि २४ बायकांतल्या ६ जणींनी बटण दाबलं. मला त्या १२ जणांबद्दल फार आपुलकी वाटली. उद्यापासून १० मिनिटं.

२० जानेवारी

चूक नंबर एक सापडली. मी बसून "विचार येऊ द्यायचे नाहीत" हे करत होते. डॅनिएल वेग्नर यांचा १९८७ चा पांढऱ्या अस्वलाचा प्रयोग ऐकून माहीत होता, अस्वलाचा विचार करू नका म्हटलं की तेच येतं, तरी स्वतः तेच करत बसले. दहा मिनिटांत चाळीस वेळा मन भरकटलं की चाळीस वेळा नापास झाल्यासारखं वाटायचं.

आता उलटं केलंय. भरकटलं हे कळलं आणि श्वासावर परत आले, हा एक जोर. जिममध्ये डंबेल खाली जातं म्हणून कुणी रडत नाही, ते खाली गेल्याशिवाय वर कसं उचलणार. या हिशोबाने ज्या दिवशी मन जास्त उंडारतं त्या दिवशी व्यायाम जास्त. एवढ्या एका बदलामुळे बसणं सोसवायला लागलं.

ॲप : एक गोड आवाज दर तीस सेकंदांनी "आता सोडून द्या" म्हणतो. काय सोडून देऊ? काही दिवस वापरलं, काढून टाकलं, पैसे पाण्यात. साधा टायमर पुरतो.

२८ जानेवारी

हे वाटतं तितकं चांगलं चाललेलं नाही. मागच्या आठवड्याचा आकडा १७ आला, म्हणजे जवळजवळ निम्मा, आणि मी दोन दिवस हवेत होते. पण झोप बिघडलीय, जबडा दुखतोय, आणि काल रात्री चार्जर जागेवर नाही या कारणावरून असा काही स्फोट झाला की लेक खोलीत जाऊन दार लावून बसली. तो एकच क्लिक. पण असला एक दहांना भारी.

नवरा म्हणाला, "अगं, शांत आणि गप्प यात फरक असतो."

बसले विचार करत. दोन आठवडे मी माइंडफुलनेसच्या (म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे नुसतं लक्ष देण्याच्या) नावाखाली झाकण दाबत होते. ऑफिसात कुणी टोकलं की श्वासाकडे लक्ष, चेहरा मऊ, आतून उकळतंय, आणि ते सगळं मी घरी आणून ओतत होते. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हेन्सन यांचा १९९३ चा अभ्यास नेमका यावरच आहे. लोकांना किळस येईल अशी फिल्म दाखवली, काहींना सांगितलं चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. चेहरे कोरे राहिले, पण आतून वाटणारी किळस तेवढीच, आणि शरीरातल्या ताणाच्या काही खुणा उलट वाढलेल्या.

माझं मोजमापच चुकलं होतं. तोंडातून बाहेर पडलं की क्लिक, आत राहिलं की शून्य. जे मोजते ते सुधारतं, म्हणून गप्प बसण्यात मी सुधारले. दोन आठवडे गेले. हे काम कुणी करणार असेल तर इथेच सावध व्हा, बाकीच्या चुका त्या मानाने स्वस्त आहेत.

२ फेब्रुवारी

आता दोन आकडे. "उसळले" काउंटरवर, आणि "पकडलं" वहीत. पकडलं म्हणजे आत सुरू झालेलं मला ते सुरू असतानाच कळलं, मग पुढे बोलले की नाही याला महत्त्व नाही. बोलले आणि पकडलंही असेल तर दोन्हीकडे खूण.

अडचण अशी की पकडायचं कशावरून? मला तर थेट स्फोटच दिसतो, वात कुठे पेटली ते दिसत नाही. जेवायच्या टेबलावर हे बोलून दाखवलं तर लेक (चौदा वर्षांची, तिच्या नजरेतून काही सुटत नाही) म्हणाली, "आई, तू आधी 'हो का' म्हणतेस."

"मी? कधी?"

"दर वेळी. 'हो का' असं बारीक आवाजात म्हणतेस. मग आम्हाला कळतं."

नवरा मान हलवतोय. म्हणजे या घरात गेली कित्येक वर्षं मी सोडून सगळ्यांना धोक्याचा भोंगा ऐकू येत होता.

मी म्हणाले, "हो का."

तिघंही एकदम थांबलो. वहीत पहिलं "पकडलं" तेच.

६ फेब्रुवारी

"हो का" च्या मागे मागे जायचा प्रयत्न चालू आहे. कालचा एक नीट सापडला, जसाच्या तसा लिहिते.

मी लेकीचा फॉर्म भरत होते. ती मागून वाकून म्हणाली, "आई, तारीख चुकलीय." पहिल्यांदा पेन थांबलं. मग जीभ वर टाळ्याला चिकटली, घट्ट, आणि डावीकडच्या दाढा एकमेकींवर बसल्या. श्वास अर्ध्यावरच राहिला, आतही नाही बाहेरही नाही. मग कानाच्या पाळ्या गरम. आणि मग कुठे "हो का". हे सगळं सेकंदभरात. "हो का" च्या वेळी तर गाडी स्टेशन सोडून गेलेली असते, खरी सुरुवात जिभेपाशी आहे. गंमत म्हणजे तारीख खरंच चुकली होती.

याचं मेंदूतलं कारण थोडक्यात, कारण मला त्याचा उपयोग झाला : जोसेफ लेडू यांनी दाखवलं की धोक्याची खबर अमिग्डालाकडे (मेंदूच्या आतला एक छोटा भाग) दोन वाटांनी जाते, एक जवळची आणि ओबडधोबड, दुसरी कॉर्टेक्समधून (मेंदूच्या बाहेरच्या थरातून) फिरून येणारी, सावकाश पण नीट पारखलेली. (अमिग्डालाला सरळ "भीतीचं केंद्र" म्हणू नका असं लेडू स्वतःच नंतर सांगत आलेत, तेव्हा चित्र याहून गुंतागुंतीचं आहे.) माझ्यापुरता अर्थ असा की जीभ टाळ्याला लागते तेव्हा मी अजून काही "ठरवलेलं" नसतं, त्यामुळे त्या क्षणाबद्दल स्वतःला शिव्या घालण्यात अर्थ नाही आणि तो क्षण येऊ नये म्हणून धडपडण्यातही नाही. काम त्याच्या पुढच्या सेकंदावर.

दुसरी उपयोगी गोष्ट कॉर्टिसोल या ताणाच्या हार्मोनची. ॲड्रेनलिन काही सेकंदांत येतं पण कॉर्टिसोलची पातळी ताण सुरू झाल्यावर साधारण २०-३० मिनिटांनी सगळ्यात वर जाते. म्हणजे भांडण झालं, दहा मिनिटांनी "चल शांतपणे बोलू" म्हणून बसलो की दुसरी फेरी का होते ते कळलं. घरात नियम केला, अर्धा तास त्या विषयाला हात लावायचा नाही.

९ फेब्रुवारी

आठवडा : उसळले २२, पकडलं ३. आकडा १७ वरून २२ वर गेला आणि मला त्याचं बरं वाटतंय, झाकण निघालं म्हणून.

१३ फेब्रुवारी

नाव देण्याचा प्रयोग. मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांचा २००७ चा अभ्यास : स्कॅनरमध्ये लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. त्या भावनेला शब्दाने नाव द्यायला सांगितलं की अमिग्डालाची हालचाल कमी झाली आणि कपाळामागच्या उजव्या बाजूच्या एका भागाची वाढली. ते चेहरे दुसऱ्यांचे होते आणि लोक निवांत पडलेले होते, तरी म्हटलं करून बघू.

चार दिवस मी मनात "राग, राग" म्हणत राहिले. ढिम्म काही झालं नाही, उलट "राग" म्हटल्यावर राग आणखी खरा वाटायचा.

मग वहीत शब्दांची यादी काढली. चिडचिड, वैताग, धुसफूस, डिवचल्यासारखं, हिरमुसणं, खजील, ओशाळणं, कानकोंडं, पोटात खड्डा. आणि आधीचे प्रसंग एकेक काढून कुठला शब्द बसतो ते बघितलं. अकरा प्रसंग तपासले, त्यातले सात "ओशाळणं" निघाले. राग नव्हताच तो, किंवा असला तर वरचा थर. चूक दाखवली की मी आधी ओशाळते आणि ते इतकं सहन होत नाही की सेकंदाच्या आत त्याचा राग करून टाकते, राग निदान ताठ मानेने करता येतो.

हे कळल्यावर दोन दिवस जरा सुन्न होते. पण शब्द बरोबर लागला की पोटातली पकड सैल पडते, हे मात्र दर वेळी होतंय. लिसा फेल्डमन बॅरेट यांचं म्हणणं असंच आहे की भावनांमधले बारीक फरक ज्यांना ओळखता येतात त्यांना त्या हाताळायलाही सोपं जातं. मराठीत याबाबतीत आपल्याकडे माल भरपूर आहे, वापरत नाही एवढंच, सगळ्यालाच "टेन्शन" म्हणून मोकळे.

चूक : मीटिंगमध्ये मोठ्याने म्हणाले, "मला जरा ओशाळल्यासारखं होतंय." चार जण स्क्रीनवर गोठले. नाव मनातच द्या.

त्याहून मोठी चूक : नवऱ्याला म्हणाले, "हा तुझा अमिग्डाला बोलतोय." नको. खरंच नको. स्वतःचा मेंदू सांभाळायला शिकलेली गोष्ट दुसऱ्याच्या डोक्यात मारली की ती शिवीच होते. अर्धा तास नव्हे, दोन दिवस अबोला.

१६ फेब्रुवारी

"जर-तर" वाक्य. पीटर गॉलविट्झर यांचं काम आहे यावर, की नुसतं "मी सुधारेन" पेक्षा "अमुक झालं तर मी तमुक करीन" असं आधीच नेमकं ठरवलेलं जास्त वेळा प्रत्यक्षात होतं.

पहिली आवृत्ती : जीभ टाळ्याला लागली तर तीन खोल श्वास घेईन. करून बघितलं. समोरच्याला तो उसासा वाटतो. "उसासे काय टाकतेस?" म्हणून वेगळं भांडण झालं.

दुसरी आवृत्ती : जीभ खाली सोडेन, नाकाने एकच श्वास लांब बाहेर, पायाचे तळवे जमिनीला, आणि "कुठे?" म्हणेन. श्वास बाहेर सोडताना व्हेगस नर्व्हमुळे (मेंदूकडून हृदयाकडे जाणारी नस) हृदयाचे ठोके जरा मंदावतात म्हणून बाहेरचा श्वास, आणि तो कुणाला ऐकू जात नाही. "कुठे?" हा शब्द मला फार शोधून सापडला. आधी "बरं" ट्राय केलं, ते माझ्या तोंडून टोमण्यासारखं येतं. "सॉरी" फार लवकर येतं आणि खोटं असतं. "कुठे?" म्हटलं की डोळे आपोआप त्या चुकीकडे वळतात, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे राहत नाहीत. साहेबांशी "कुठे ते सांगता का?"

आठवडा : १९ / ६.

२४ फेब्रुवारी

गेले पाच दिवस काही नाही. बॉडी स्कॅन म्हणून पडून, डोळे मिटून, पायापासून डोक्यापर्यंत लक्ष फिरवत होते. छातीपाशी आले आणि एकदम धडधड, श्वास पुरेना, जुनं काहीतरी वर आलं ज्याबद्दल इथे लिहिणार नाही. उठून खिडकीत उभी राहिले. नंतर बसायचीच भीती बसली.

ध्यान म्हणजे निरुपद्रवी, झाला तर फायदाच, असं मी धरून चालले होते. तसं नसतं, काहींना त्रास होतो, आणि त्यावर संशोधनही झालंय. मी एका समुपदेशकांशी बोलले, दोन वेळा. त्यांनी साधं सांगितलं : डोळे उघडे ठेवा, लक्ष छातीवर नको, तळव्यांवर ठेवा किंवा बाहेरच्या आवाजांवर, आणि जड झालं की थांबा, रेटू नका. आता तसंच करते. तुम्हाला मागचं काही मोठं असेल तर हे काम एकट्याने वहीवर करू नका.

२ मार्च

१४ / ९. आता जरा मजेचा भाग.

सवय टिकते म्हणजे तिच्यातून काहीतरी मिळत असणार. जडसन ब्रूअर सिगारेट सोडणाऱ्यांबरोबर काम करताना लोकांना लक्ष देऊन सिगारेट ओढायला लावत, आणि पुष्कळांना तेव्हा कळायचं की चव भयंकर आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर दाखवलं होतं की मेंदूतल्या डोपामिन (एक रसायन) सोडणाऱ्या पेशी नुसत्या बक्षिसाला नाही, तर अपेक्षा आणि प्रत्यक्ष यातल्या फरकाला दाद देतात. अपेक्षेपेक्षा कमी मिळालं की त्या मंदावतात. मग म्हटलं माझं बक्षीस तरी बघू.

म्हणून आठवडाभर उसळणं अडवलंच नाही. उसळले की बाजूला जाऊन वहीत तीन नोंदी : लगेच कसं वाटलं, दहा मिनिटांनी, तासाने. एक नमुना उतरवते.

ऑफिस, एकाने माझ्या शीटमधला फॉर्म्युला चुकलाय म्हटलं. मी म्हणाले, "मागच्या वेळी तुमचीच शीट मी दुरुस्त केली होती." लगेच : मस्त! छाती रुंद, डोकं हलकं, झुळूक आल्यासारखं. मनात आकडे मोजले, पाच पर्यंत टिकलं. दहा मिनिटांनी : तोच संवाद तिसऱ्यांदा चालू, हात गार, शीट उघडलीय पण दिसत काही नाही. तासाने : फॉर्म्युला खरंच चुकला होता, तो मी गुपचूप दुरुस्त केला आणि त्याला सांगितलं नाही, त्याची लाज वेगळी.

अशा १४ नोंदी. जवळपास सगळ्यांत तीच पाच सेकंदं आणि मागे तासभराची राख. हे मला आधी "माहीत" नव्हतं का? होतं की. पण वहीत चौदा वेळा आपल्याच अक्षरात बघितल्यावर ती झुळूक येताना सोबत शंकाही यायला लागली. त्यानंतरचं बरंचसं काम तसं आपोआप झालं. पुन्हा सुरू करायचं असेल तर मी इथूनच सुरू करीन, ४५ मिनिटांच्या टायमरपासून नाही.

१६ मार्च

२४ / ४. ये रे माझ्या मागल्या.

कारणं दोन. एक, कामाची डेडलाइन होती आणि सलग चार रात्री साडेचार-पाच तास झोप. २००७ मध्ये मॅथ्यू वॉकर यांच्या गटाने एक रात्र पूर्ण जागवलेल्या लोकांना त्रासदायक चित्रं दाखवली तेव्हा त्यांच्या अमिग्डालाचा प्रतिसाद झोपलेल्यांपेक्षा साधारण ६० टक्के जास्त होता. माझी जागरणं तेवढी नव्हती, पण पुरली.

दुसरं म्हणजे ताई. शनिवार-रविवार तिच्याकडे गेलो होतो. दारात चपला काढतानाच ती म्हणाली, "उशीर केलासच ना," आणि जीभ, तळवे, "कुठे", सगळं गुल. मी बारा वर्षांची झाले. दोन दिवसांत ९ क्लिक, आणि रात्रीची उजळणी तर पहाटे तीनपर्यंत.

मार्क बाउटन यांचं काम वाचलं तेव्हा जीवात जीव आला. उंदरांची भीती एका पिंजऱ्यात घालवली तरी दुसऱ्या जागी ती परत येते. जुनी शिकवण पुसली जात नाही, तिच्यावर नवीन शिकवण बसते, आणि नवीन शिकवण ज्या जागी शिकलो त्या जागेला चिकटून राहते. मी सगळा सराव आमच्या जेवणाच्या टेबलावर आणि ऑफिसात केला, ताईच्या दारात एकदाही केला नाही. मग तिथे ती कुठून यावी.

(याच नादात चार दिवस "आठवण पुसण्या"वर वाचत बसले. करीम नादेर, ग्लेन शेफ आणि लेडू यांचा २००० चा प्रयोग, आठवण जागी केल्यावर ती काही काळ कच्ची होते वगैरे. फार आशा लागली होती. पण ते उंदीर होते आणि त्यांच्या अमिग्डालात औषध टोचलं होतं. वही मिटली.)

दुरुस्ती : ताईशी रोज फोन, पाचच मिनिटं, तळवे जमिनीला टेकवून. तिला कारण सांगितलेलं नाही. तिला वाटतंय माझं प्रेम उतू चाललंय.

२३ मार्च

एक कबुली. आठ आठवडे झाल्यावर मी तीन-चार जणांना सांगत सुटले होते की आता माझ्या मेंदूची रचना बदलली असणार, २०११ च्या एका अभ्यासात आठ आठवड्यांच्या कोर्सनंतर मेंदूच्या काही भागांतलं ग्रे मॅटर (मेंदूतला करडा, पेशींचा भाग) वाढलेलं दिसलं होतं. तो गट फक्त १६ जणांचा होता. २०२२ मध्ये रिचर्ड डेव्हिडसन यांच्या लॅबने २१८ जणांवर जास्त काटेकोरपणे तेच तपासलं, आणि मेंदूच्या रचनेत तसा काही बदल दिसला नाही. ज्यांना सांगितलं होतं त्यातल्या दोघांना फोन करून दुरुस्ती केली. एक म्हणाला, "तरीच!" क्लिक.

३० मार्च

आज दिवस ८५. सवय ६६ दिवसांत लागते असं सगळीकडे ऐकू येतं, ते फिलिपा लॅली यांच्या अभ्यासातलं मधलं मूल्य आहे. ९६ लोक, आणि पसारा १८ ते २५४ दिवस असा. शिवाय त्या सवयी पाणी पिणं, फळ खाणं, चालणं अशा होत्या, ताईला उत्तर न देणं ही नव्हती. कॅलेंडरवर ६६ ला लाल गोल केला होता, तो दिवस डेडलाइनच्या आठवड्यातच आला आणि मी तेव्हा वाट चुकलेली होते. गोल करू नका.

१२ / १४. पहिल्यांदा पकडलेले जास्त.

१३ एप्रिल

९ / १७.

हिशोब : बसायला सुरुवात केल्यापासून ९० दिवस, त्यात प्रत्यक्ष बसले ६३ दिवस, एकूण जेमतेम बारा तास. वाचण्यात आणि लोकांना ऐकवण्यात त्याच्या तिप्पट तरी गेले असतील. वाया गेलेला मोठा तुकडा म्हणजे झाकण दाबण्याचे ते दोन आठवडे.

न सुटलेलं : टाइप केलेल्या मेसेजला मी अजून तशीच उसळते. बहुतेक तिथे "कुठे?" विचारायच्या आधीच बोटं चालू झालेली असतात. सध्या उत्तर नोट्समध्ये लिहायचं आणि अर्ध्या तासाने हवं तर पाठवायचं असं चालू आहे. आत्तापर्यंत २३ लिहिली, ४ पाठवली, त्यातल्या एकाचा पश्चात्ताप आहे. रात्रीची उजळणी थोडी आखूड झालीय पण आहे. नोंदवून ठेवलेलं काही नाही, म्हणून आकडा देत नाही.

काल रात्री लेक म्हणाली, "आई, तू पंख्याचं बटण बंद न करताच आलीस." जीभ वर गेली, कळलं, खाली सोडली, श्वास, तळवे. "कुठे?" दोघी जाऊन बघितलं. बटण बंद होतं. तीच चुकली होती.

आणि माझ्या तोंडून, चांगलं लांबवून, मिटक्या मारत निघालं, "हो का!"

हे मोजायचं की नाही यावर आमचा बराच वाद झाला. माझं म्हणणं, यात राग नव्हता. ती म्हणाली, ते तिला माहीत नाही, पण आवाज तोच होता, आणि हात पुढे करून काउंटर मागितला. बटण तिनेच दाबलं. वरचे ९ त्याला धरून आहेत.